परदेशात गेल्यावर आधी आपल्याच लोकांत मैत्री करणं चूक का?

पैलतीर:
नव्याने आलेले लोक आपल्याच भाषेच्या माणसांत घोळका करून राहतात म्हणून सगळे नाकं मुरडतात, मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या वर्षी घराचा करार समजत नाही, मूल रात्री तापाने फणफणतं, तेव्हा फोन करायला आपल्या भाषेतलंच माणूस लागतं, तिथे व्याकरण जुळवत कोण बसणार? आधी पाय तर टेकू द्या.

कवडसा:
पाय टेकले की पुढे निघायचं असतं, बरेच जण तिथेच राहतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख प्रसिद्ध आहे, नोकरीची खबर जिवलग मित्रापेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला. सगळे मित्र एकाच गटातले तर नोकऱ्याही त्याच चार प्रकारच्या. आणि भाषा? ती बोलल्याशिवाय सुधारत नाही हो.

पैलतीर:
मान्य, पण बाहेरच्यांशी मैत्रीला वेळ लागतो त्याचं काय? संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास नव्या ठिकाणी राहायला गेलेल्यांवरच होता, साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, घट्ट व्हायला २०० च्या वर. दोन शिफ्ट करणाऱ्याने एवढे तास आणायचे कुठून? आपल्या माणसांत निदान ओळख पटायला वेळ जात नाही.

दीपमाळ:
तुम्ही दोघंही सगळं नवीन माणसावरच टाकताय. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलंय की दोन गट नुसते शेजारी राहून जवळ येत नाहीत, बरोबरीचा दर्जा हवा, एकत्र मिळून करायचं काम हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. साहेब आणि सफाई कामगार रोज भेटतात, म्हणून मैत्री होते का? शाळेत मुलांना एका बाकावर बसवतात, एका टीममध्ये खेळवतात, त्यांची होते. घरी लहान मूल सांभाळणाऱ्या त्यांच्या आईला असं ठिकाणच नसतं, मग "ती मिसळत नाही" म्हणायचं, हा अन्याय आहे.

कवडसा:
आईचा मुद्दा बरोबर आहे, तिच्यासाठी दुपारचे भाषावर्ग, तिथेच मुलं सांभाळायची सोय, हे व्हायलाच हवं. पण दहा वर्षं त्याच ऑफिसात, बरोबरीच्या हुद्द्यावर असून जेवायला रोज आपल्याच टेबलावर बसणाऱ्यांना मी ही सूट देणार नाही.

पैलतीर:
त्या दुसऱ्या टेबलावरून त्यांना कधी कुणी हाक मारली का, तेही विचारा.