कागद 'फोडला' की अन्यायाला 'वाचा फोडली'?

प्रश्न (सातारा) : 'गोपनीय' शिक्क्याची टिपणी एका शासकीय कर्मचाऱ्याने बातमीदाराला दिली आणि त्याची चौकशी लागली. मथळ्यासाठी आमच्या डेस्कवर तीन शब्द आले : फितुरी, माहितीची गळती, कागद फोडणे. तुम्ही कोणता घ्याल?

उत्तर (कुंडल, जि. सांगली) : फितुरी अजिबात नको. फितूर म्हणजे शत्रूला सामील झालेला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांचा ठावठिकाणा इंग्रजांच्या पोलिसांना कळवणारा तो फितूर. आमच्याकडे म्हातारी माणसं हा शब्द आजही सहज उच्चारत नाहीत. वर्तमानपत्र वाचणारा माणूस कुणाचा शत्रू आहे?

'गळती'ही पटत नाही. नळ गळतो, छप्पर गळतं. टिपणी आपोआप बाहेर येत नाही, कुणीतरी नोकरी पणाला लावून ती देतो.

उरतं 'फोडणे'. पेपर फुटतो, साक्षीदार फुटतो, आमदार फुटतात, सगळीकडे बदनामीच. पण बिंग फुटतं तेव्हा आपल्याला बरं वाटतं, आणि अन्यायाला वाचा फोडणाऱ्याचा तर सत्कार होतो. क्रियापद तेच. म्हणून काय फोडलं आणि कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय हा शब्द वापरू नये. पैसे घेऊन भरतीचा पेपर विकणारा आणि निकृष्ट कामाचा अहवाल बातमीदाराच्या हाती देणारा, दोघांना एकच 'फोडले' लावणं मला अन्यायाचं वाटतं.

'गोपनीय'वरही विसंबू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, म्हणजे इंग्रजांचा. त्यात 'गुप्त' कशाला म्हणायचं याची व्याख्याच नाही. उलट माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(२) प्रमाणे, जनहित जास्त मोठं असेल तर असा कागदही देता येतो. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीची कागदपत्रं वर्तमानपत्रात छापून आली, त्याबाबत २०१९ मध्ये सरकारी बाजूने आधी 'चोरीला गेली' म्हटलं, मग 'छायाप्रती काढल्या'. दोन दिवसांत शब्द बदलला. सर्वोच्च न्यायालयाने तरीही ती कागदपत्रं विचारात घ्यायचं ठरवलं.

भर (कऱ्हाड) : 'जागल्या' हा शब्द राहिला. रात्री गावाची राखण करणारा तो जागल्या. आता गैरकारभार उघड करणाऱ्यालाही म्हणतात. महामार्गाच्या कामावरचे अभियंते सत्येंद्र दुबे असे जागल्या होते. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यांचं नाव फुटलं, त्याला मात्र कुणी 'गोपनीयतेचा भंग' म्हटलेलं मी वाचलेलं नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अजून लागूच झालेला नाही.

प्रश्नकर्ता (सातारा) : पटलं. चौकशी चालू असताना 'जागल्या' म्हणणं घाईचं होईल. 'टिपणी बातमीदाराला दिल्यावरून कर्मचाऱ्याची चौकशी' असा मथळा देतो, आणि टिपणीत काय होतं ते पहिल्याच परिच्छेदात घेतो.