गुलामांच्या व्यापारावरचं दालन: जहाजाच्या तळाची प्रतिकृती करावी का?

दालनरचना: 'साओ जोसे' या पोर्तुगीज जहाजावर 90 चौरस मीटरचं दालन आखतेय. मोझांबिकहून गुलाम केलेल्या चारशेहून अधिक माणसांना घेऊन ते ब्राझीलला निघालं होतं. डिसेंबर 1794मध्ये केपटाउनजवळ फुटलं. जवळपास निम्मी माणसं बुडाली, वाचलेल्यांना केप वसाहतीत विकलं. तळ लाकडात उभारून प्रेक्षकांना आत झोपू द्यावं, असा समितीचा आग्रह आहे. शिवाय समुद्रातून काढलेला लोखंडी ठोकळा उसना मिळतोय. त्याची शोकेस कशी हवी?

मापपट्टी: झोपायला लावू नका. लोक दोन मिनिटं आडवे होतात, फोटो काढतात आणि तो खेळ होऊन बसतो. त्यापेक्षा जागेचं माप दाखवा. ब्रूक्स या गुलाम वाहणाऱ्या इंग्रज जहाजाच्या 1788च्या आराखड्यात पुरुषामागे 6 फूट बाय 1 फूट 4 इंच जागा आहे, म्हणजे 183 बाय 41 सेंमी. असे दहा चौकोन फरशीत सपाट, शेजारी शेजारी आखा. आत मानवी आकृत्या नकोत, त्यांच्यावर पाय पडतात. वाट बाजूने काढा. ब्रूक्स लिव्हरपूलचं होतं. ही मापं 'साओ जोसे'ची म्हणून खपवू नका, पाटीवर स्पष्ट लिहा. साखळ्यांचे, कण्हण्याचे आवाजही नकोत. तिथल्या रखवालदाराला ते दिवसभर ऐकावे लागतात.

धातुजतन: ठोकळ्याबद्दल. माणसांचं वजन नेहमीच्या मालापेक्षा कमी, म्हणून जहाज स्थिर ठेवायला तळाशी लोखंड भरत. पाटीवर एवढं एकच वाक्य पुरे, ते वाचून माणूस थबकतो.
समुद्रातल्या लोखंडात मिठातलं, गंज चढवणारं क्लोराइड मुरलेलं असतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ते काढायला महिने, कधी वर्षं लागतात. त्याच्या नोंदी देणाऱ्यांकडून आधी मागा. शोकेसमधली आर्द्रता 20 टक्क्यांखाली हवी. ओल शोषणारं, कोरडं केलेलं सिलिका जेल घनमीटरला 20 किलो हा ढोबळ हिशेब, पण दाराची फट गळत असेल तर तेही पुरत नाही. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी थेंब दिसले की समजा, आत गंज सुरू झालाय. ठोकळ्याखालच्या बैठकीला ओकचं लाकूड किंवा प्लायवूड अजिबात नको, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. पावडर कोटिंग केलेली धातूची चौकट घ्या.

दालनरचना: चौकोनांचं समितीला पटवते. शेवटच्या भिंतीवर काय ठेवू?

नकाशावाचक: 1794ला थांबू नका. नकाशात मोझांबिक आणि ब्राझीलसोबत गोवा, दीवही दाखवा. पोर्तुगीजांनी मोझांबिकची माणसं तिकडेही नेली. मग केप: 1 डिसेंबर 1834ला गुलामी कायद्याने संपली, तरी पुढची चार वर्षं 'शिकाऊ उमेदवारी'च्या नावाखाली सुटलेल्या गुलामांना मालकांकडेच राबावं लागलं. सरकारी भरपाई मिळाली ती मालकांना. हे मोठ्या अक्षरात लिहा आणि समोर पाठ टेकता येईल असं बाक ठेवा.