गेल हॅल्वोर्सन: बर्लिनमधल्या चॉकलेटनंतरची ७३ वर्षे

चौकस
१९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले आणि अमेरिका-ब्रिटनने शहराला विमानांनी (‘हवाई पुला’ने) रसद पुरवली. बर्लिनच्या या नाकेबंदीविषयी काहीही वाचायला घेतले की अमेरिकन वैमानिक गेल हॅल्वोर्सन यांची गोष्ट येतेच. जुलै १९४८ मध्ये टेम्पेलहोफ विमानतळाच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या तीसेक मुलांना त्यांनी खिशातल्या च्युइंगमच्या दोन कांड्या दिल्या. मुलांनी त्या भांडण न करता वाटून घेतल्या आणि ज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही त्यांनी वेष्टनाचे तुकडे हुंगले. ते पाहून हॅल्वोर्सन यांनी वचन दिले की पुढच्या फेरीत विमानाचे पंख हलवून खूण करीन आणि वरून खाऊ टाकीन. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांचे निधन झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी. मधल्या काळाबद्दल मात्र ‘ते श्रद्धाळू आणि कुटुंबवत्सल होते’ यापलीकडे फारसे काही वाचायला मिळत नाही, आणि असे वाक्य मृत्युलेखात कोणाबद्दलही लिहिता येते. हॅल्वोर्सन यांच्या बाबतीत त्याला काही ठोस अर्थ आहे का? की शीतयुद्धाच्या प्रचाराला हवी तशी एक गोड गोष्ट मिळाली आणि तिच्याच प्रकाशात एक माणूस उरलेले आयुष्य जगला?

वाटसरू
प्रचाराच्या आरोपात तथ्य आहे, पण घटनांचा क्रम पाहावा. पहिले काही आठवडे हा उद्योग परवानगीविनाच चालला होता. हॅल्वोर्सन आणि त्यांचे दोन सहकारी स्वतःच्या वाट्याचा खाऊ जमवत, हातरुमालांची पॅराशूट करत आणि उतरण्याच्या बेतात असलेल्या विमानातून ती खाली सोडत. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर वरिष्ठांनी त्यांना बोलावून फैलावर घेतले. मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर यांना कल्पना आवडली, म्हणून ती पुढे अधिकृत झाली. मग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांपासून मिठाई उत्पादकांपर्यंत सगळे हातभार लावू लागले आणि २० टनांहून अधिक खाऊ टाकला गेला. म्हणजे प्रचारयंत्रणा आली ती मागाहून.

माझी तक्रार वेगळीच आहे. सप्टेंबर १९४९ पर्यंत या हवाई पुलाने सुमारे २३ लाख टन माल वाहून नेला आणि त्यातला मोठा भाग कोळशाचा होता. या कामात किमान १०१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ४० ब्रिटिश आणि ३१ अमेरिकन होते. कोळशाच्या धुळीने माखलेली ही सगळी मोहीम रुमालाच्या पॅराशूटखाली झाकली जाते, त्याला हॅल्वोर्सन जबाबदार नसले तरी.

अनुस्वार
मूळ प्रश्न श्रद्धेचा आणि कुटुंबाचा होता, म्हणून त्याविषयी लिहितो. हॅल्वोर्सन यूटा आणि आयडाहो या राज्यांतल्या लहान शेतांवर वाढले आणि ज्यांना आपण सर्रास मॉर्मन म्हणतो त्या लॅटर-डे सेंट्स पंथाचे ते अनुयायी होते. या पंथात श्रद्धा ही मुख्यतः करण्याची गोष्ट आहे. स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतात, सभासदच आळीपाळीने ती कामे सांभाळतात. उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा, दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य करावी, असा दंडक असतो. मंदिरात विधिपूर्वक झालेला विवाह मृत्यूनंतरही टिकतो अशी धारणा असल्यामुळे कुटुंब हाच तिथे धर्माचा गाभा ठरतो. म्हणून कुटुंबवत्सल आणि श्रद्धाळू ही दोन विशेषणे त्यांच्या बाबतीत वेगळी काढता येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ते दक्षिण अटलांटिकच्या मार्गांवर वाहतूक विमाने चालवत होते. बर्लिनहून परतल्यावर १९४९ मध्ये त्यांनी अल्टा यांच्याशी विवाह केला आणि त्यांना पाच मुले झाली. फ्लोरिडा विद्यापीठातून अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन ते हवाई दलातच राहिले. १९७० ते १९७४ या काळात ते पुन्हा टेम्पेलहोफला होते, या वेळी तळाचे प्रमुख म्हणून. निवृत्तीनंतर दहा वर्षे त्यांनी ब्रिगम यंग विद्यापीठात विद्यार्थी विभागात काम केले.

माझ्या मते खरे उत्तर त्यानंतरच्या वर्षांत आहे. या पंथातली निवृत्त जोडपी स्वखर्चाने धर्मसेवेसाठी घर सोडतात आणि कुठे जायचे ते चर्च ठरवते. हॅल्वोर्सन पतिपत्नी १९८६ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९९५ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला. ज्या सोव्हिएत संघाने घातलेल्या नाकेबंदीविरुद्ध त्यांनी विमान चालवले, त्याच देशात एकेकाळी असलेल्या आणि स्वतः १९४१ ते १९४४ या काळात जर्मन वेढ्यात उपाशी राहिलेल्या शहरात हा माणूस पंचाहत्तरीला आला असताना पत्नीसह राहायला गेला. तिथे वचन दिलेली मुले नव्हती आणि छायाचित्रकारही नव्हते.

चौकस
ही माहिती मला नवी आहे, आभार. तरीही एक शंका उरते. धर्मसेवा म्हणजे धर्मप्रसारच ना? बर्लिनच्या मुलांना खाऊ देताना त्यांनी कोणाचा धर्म विचारला नव्हता. त्या निरपेक्ष कृतीची आणि पंथाने नेमून दिलेल्या कामाची एकाच मापाने तुलना कशी करावी?

अनुस्वार
आपली शंका रास्त आहे आणि ती मी पूर्णपणे खोडू शकत नाही. तिथे धर्मप्रसार असतोच. मी एवढेच म्हणेन की दोन्ही कामे साधारण एकाच सवयीतून येतात. आपल्या वाट्याचे थोडे बाजूला काढून ठेवायचे, ही सवय दशमांश देणाऱ्या घरात लहानपणीच लागत असावी. हा अर्थात माझा तर्क आहे.

वाटसरू
धर्माचा संबंध नसलेले एक उदाहरण देतो. नाकेबंदीच्या काळात बर्लिनमधल्या एका लहान मुलीने हॅल्वोर्सन यांना तक्रारीचे पत्र पाठवले होते. विमानांच्या आवाजाने आमच्या कोंबड्या बिथरतात आणि अंडी देत नाहीत, पण पांढऱ्या कोंबड्या दिसतील तिथे खाऊ टाकलात तर चालेल, असे तिने लिहिले होते. त्यांना वरून त्या कोंबड्या काही सापडल्या नाहीत, म्हणून त्यांनी टपालाने खाऊ आणि पत्र पाठवले. १९७० नंतर ते तळप्रमुख म्हणून बर्लिनला आले, तेव्हा आता संसारात रमलेल्या त्या मुलीने त्यांना घरी जेवायला बोलावले आणि कपाटातून ते जपून ठेवलेले पत्र काढून त्यांच्या हातात दिले. दोन्ही कुटुंबांचा स्नेह पुढे अनेक दशके टिकला.