मेलबर्नला बाळंतपणासाठी जाताना घरचा मसाला, लाडू नेता येतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. लेकीच्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात मेलबर्नला निघतोय. तिची मागणी एकच, आई, आपली चटणी आण. चटणी म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, डंकावर कुटलेला. ब्याडगी-संकेश्वरी मिरची, तळलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, सगळं त्यात आलंच. तेलाचा हात असल्यामुळे पिशवीला बाहेरून तेल सुटतं आणि वास तर घरभर फिरतो.

ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना कार्डावर जाहीर करावी लागते, लपवली तर दंड होतो, एवढं कळलंय. जाहीर करून नाही चालली, तर वस्तू काढून घेतात पण दंड नाही. म्हणून मी सगळं लिहूनच देणार आहे. दुधाचे पेढे-बर्फी नेतच नाही.

अडलंय ते बाळंतिणीच्या खाण्यापाशी. डिंकाच्या लाडवात साजूक तूप आहे, त्याला हरकत घेतात का? अळीव तर बीच, पेरलं की उगवतं. भाजून, दळून नेलं तर सोडतात का? गुळाची ढेप फोडून नेऊ की पॅकबंद पावडर घेऊ? आणि घरच्या मसाल्याला छापील लेबल नसतं, साध्या कागदावर घटक इंग्रजीत लिहून चिकटवले तर अधिकाऱ्यांना चालतं का?

अलीकडे भारतातून तिकडे गेलेल्यांनी स्वतःचा अनुभव सांगा. पहिलटकरीण आहे हो, चार घास घरचे मिळावेत एवढंच वाटतं.