‘मिथ्या रंग’ म्हणजे खोटा रंग का? दूरसंवेदनातल्या काही शब्दांबद्दल

दारव्ह्याची विद्यार्थिनी
बीएला भूगोल आहे, दुसरं वर्ष. या सत्रात दूरसंवेदनाचा पेपर लागला. एका पुस्तकात ‘दूरसंवेदन’, दुसऱ्यात ‘सुदूर संवेदन’. दोन्ही एकच का? आणि खरा प्रश्न ‘मिथ्या रंग प्रतिमा’ या शब्दाचा. आमच्याच भागाची ऑक्टोबरमधली अशी एक प्रतिमा कॉलेजातून छापून घरी नेली. बाबांनी चष्मा लावून पाहिली अन् म्हणाले, “अवं, हे तं साऱ्या वावरात लाल्या पडला!” (लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडून बिघडतात तो रोग.) मी म्हटलं, बाबा, यात लाल म्हणजे हिरवं पीक. “मंग हिरवं म्हणजे काय, लाल?” मला पुढं बोलता येईना. त्यात नावच ‘मिथ्या’ म्हटल्यावर त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. हा शब्द बरोबर आहे का?

वर्ध्याचे भूगोल शिक्षक
आधी सोपं ते सांगतो. दोन्ही एकच. ‘सुदूर’ सरकारी वळणाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय केंद्राच्या नावात तोच, आपल्या नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या नावातही तोच. मला मात्र ‘दूरसंवेदन’ बरा वाटतो. मराठीत सुदूर म्हणजे फारच लांब, आणि इथं लांबी मुद्द्याची नाहीच. वस्तूला न शिवता तिची माहिती घेणं हा मुद्दा. करोनात दारावर कपाळासमोर धरायचे तो तापमापक आठव. वीतभर अंतर, तरी ते दूरसंवेदन. काखेत धरायचा थर्मामीटर मात्र त्यात बसत नाही. मूळ इंग्रजी संज्ञा 1960 च्या सुमारास एव्हलिन प्रुइट या भूगोलतज्ज्ञ बाईंनी पुढं आणली. त्या अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयात होत्या. हवाई छायाचित्रांच्या पलीकडचं बरंच काही हाती येऊ लागलं होतं आणि जुनं नाव अपुरं पडत होतं.

‘संवेदन’ वाचून शोकसंवेदना आठवते, हे माझ्या वर्गात दरवर्षी होतं. धातू ‘विद्’, जाणणे. एवढं सांगितलं की पुरे.

अकोल्याचा वाचक
सर, छायाचित्र आणि प्रतिमा यांत फरक करायचा की नाही? आमच्या गावात सगळेच ‘सॅटेलाइटचा फोटो’ म्हणतात.

वर्ध्याचे भूगोल शिक्षक
बोलताना म्हणू द्या. पेपरात करा. फिल्मवर उमटतं ते छायाचित्र. उपग्रहातला संवेदक चौकोनाचौकोनाचं परावर्तन मोजून आकडे पाठवतो, त्या आकड्यांना आपण रंग देतो, ती प्रतिमा.

कृषी सहायक, दिग्रस
चौकोनाचा विषय निघाला म्हणून ‘विभेदन’बद्दल बोलतो, म्हणजे प्रतिमेतला एक चौकोन जमिनीवर केवढा, त्याबद्दल. पोरं हा शब्द पाठ करतात, पण डोळ्यांपुढं काही येत नाही. त्यातून कुणी ‘स्थानिक विभेदन’ लिहितो, कुणी ‘अवकाशीय’. पहिला वाचून गावातलं वाटतं, दुसरा वाचून अंतराळातलं! मी एकरात सांगतो. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. 17 मार्च 1988 ला सोडलेल्या आपल्या आयआरएस-1ए उपग्रहाचा पहिला कॅमेरा 72.5 मीटरचा, म्हणजे एका चौकोनात सव्वा एकराहून जास्त. दोन भावांचं वावर एकाच ठिपक्यात. आपल्याच नंतरच्या उपग्रहांवरच्या लिस-3 कॅमेऱ्याचा चौकोन 23.5 मीटरचा, एकरात सातेक ठिपके. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा 10 मीटरचा, एकरात चाळीस. तरीही धुरा, म्हणजे बांध, वेगळा दिसत नाही, पऱ्हाटीतल्या (कपाशीतल्या) तुरीच्या ओळी तर नाहीच नाही. दोन्हींचं मिसळून एकच उत्तर येतं.

वर्ध्याचे भूगोल शिक्षक
वा भाऊ, उद्या वर्गात हेच सांगतो.

आता ताईचा लाल्या. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, हिरवा थोडा परततो, पण निकट अवरक्त, म्हणजे लालच्या लगेच पलीकडचा प्रकाश, भरपूर परततो. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. मग तो दाखवायचा कसा? नेहमीच्या पद्धतीत त्याला लाल रंग देतात. लाल प्रकाशाच्या पट्ट्याला हिरवा, हिरव्याला निळा. निळा पट्टा बाहेर. सगळे एकेक घर सरकले, खोटं कुणीच बोललं नाही. मोजमाप खरंच आहे. ‘मिथ्या’त फसवणुकीचा वास येतो आणि ‘छद्म’ तर त्याहून वाईट, वेषांतर केलेला चोर वाटतो. मी वर्गात ‘उसना रंग’ म्हणतो. पेपरात मात्र ‘मिथ्या’च लिही, तपासणारा कोण असेल सांगता येत नाही.

आणि गंमत बाबांना जरूर सांग. लाल्या पडून पान बिघडलं की निकट अवरक्ताचं परावर्तन घटतं. म्हणजे खरोखर लाल्या पडलेलं वावर या प्रतिमेत शेजारच्यापेक्षा फिकं, कमी लाल दिसेल.

दारव्ह्याची विद्यार्थिनी
सांगितलं सर. बाबांना ‘उसना’ लगेच कळला. त्यांनी विचारलं, “उसना घेतला तं वापस कवा करतेत?”

मग कागद पुन्हा उघडला. नाल्याच्या वरचा एक फिका पट्टा होता, मी त्याला रोगट पीक म्हणणार होते. बाबांनी बोट ठेवलं: “हे बरड होय. इथं दरसाल असंच.” बाजूचा काळाकुट्ट ठिपका मी काळी माती समजले होते, तो पाझर तलाव निघाला.

वर्ध्याचे भूगोल शिक्षक
स्वच्छ पाणी निकट अवरक्त शोषून घेतं, म्हणून काळं. उघडी काळी जमीनही गडद येते, पण सहसा निळसर-करडी. पहिल्या वर्षी सगळेच इथं चुकतात.

कृषी सहायक, दिग्रस
आता पुढचा शब्द घ्या. बाबांनी केलं त्याला पुस्तकात ‘भू-सत्यापन’ म्हणतात. हा मला अजून जिभेवर बसला नाही. आम्ही ‘वावरात जाऊन पाहणी’ म्हणतो, पण नोंदवहीच्या रकान्यात ते मावत नाही.

अकोल्याचा वाचक
‘स्थळपाहणी’ मावतो.

कृषी सहायक, दिग्रस
मावतो, पण तो घर जळाल्यावर तलाठी करतो तसला वाटतो.

दारव्ह्याची विद्यार्थिनी
प्रकल्पवहीत मी ‘प्रत्यक्ष पडताळणी’ लिहिलंय. शेजारी तारीख, गट क्रमांक आणि बाबांनी सांगितलेलं पीक. चालेल का सर?

वर्ध्याचे भूगोल शिक्षक
चालेल. तारीख मात्र प्रतिमेच्या जवळची हवी. डिसेंबरात वेचणी होत आलेल्या पऱ्हाटीवर ऑक्टोबरचा लाल रंग पडताळू नको.