‘सगळ्यांनी मधे या’ म्हणजे नेमकं कुठे यायचं?

तापीकाठ
काल आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने लिहिलं: ‘दोन्हीकडचे कट्टर सारखेच दोषी. मतदाराने मध्यम भूमिका घेतली की समाजातली फूट आपोआप मिटेल.’ डोकं फिरलं. तिथे बोललो असतो तर ग्रुपच मोडला असता, म्हणून इथे लिहितोय.

आधी फूट कुणात पडलीय ते बघा. २०१९ च्या नोव्हेंबरात, निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्यांनी मिळून सरकार केलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. आपल्या खानदेशात एकनाथ खडसे २०२० साली भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, सूनबाई रक्षा खडसे भाजपच्याच खासदार राहिल्या. नेत्यांना मधे येता येतं, ओलांडून पलीकडेही जाता येतं. अडकतो कार्यकर्ता. आमच्या गावात दोन चुलत भाऊ पक्षावरून बोलेनासे झाले, मग बांधावरून केस टाकली. पुढे दोघांचे नेते एकाच मंत्रिमंडळात बसले. केस अजून चालू आहे. मवाळ व्हायचा उपदेश त्या भावांना कशासाठी?

आणि केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला की उभी बाग उपटून फेकावी लागते. त्या भरपाईसाठी रस्त्यावर बसणारा शेतकरी कट्टर नाही. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हटलं की त्यालाही शिवीगाळ करणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं जातं. मला राग येतो तो याचा.

भुसावळ रनिंग रूम
भाऊ, तुमचा मित्र बोलला ते मीही बोललो असतो. १९९४ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान होते आणि वाजपेयी विरोधी पक्षनेते. काश्मीरचा प्रश्न जिनिव्हाला मानवी हक्क आयोगात आला, तेव्हा रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व वाजपेयींकडे दिलं. दोघांनीही आपला पक्ष सोडला नव्हता. याला मी मध्यम भूमिका म्हणतो.

रेल्वेत आयुष्य गेलं. युनियनचे झेंडे वेगळे, गेट मीटिंगला एकमेकांना काय वाट्टेल ते बोलायचो, पण रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत, डबा एकत्र उघडायचो. आता माझ्या मुलीच्या लग्नाला माझा सख्खा साडू आला नाही. कारण काय, तर एका उमेदवाराबद्दल मी दोन ओळी लिहिल्या. ज्या भूमीत साने गुरुजींनी शिकवलं तिथे ही वेळ यावी?

यावलची लेक
१९९४ कशाला, मे २०२५ मध्येच भारताची बाजू मांडायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशात गेली. त्यातल्या तीन शिष्टमंडळांचं नेतृत्व शशी थरूर, सुप्रिया सुळे, कनिमोळी या विरोधी पक्षांच्या खासदारांकडे होतं. परदेशात एक होणं जमतं हो. गावात एक होतात तेव्हा काय होतं ते मी सांगते.

विकास सोसायटीची निवडणूक होती, माझ्या आईने अर्ज भरला. माघारीच्या आदल्या रात्री सगळ्या पक्षांची वडीलधारी मंडळी ओट्यावर येऊन बसली. ‘गावात वाद नको, वहिनी.’ एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या रात्री एका सतरंजीवर होते. आईने अर्ज मागे घेतला, निवडणूक बिनविरोध झाली, पेढे वाटले. सर्वपक्षीय पॅनल म्हणतात ते हेच. तुमच्या मध्यम मार्गात माझ्या आईची जागा कुठे आहे ते सांगा, मग पुढे बोलू.

धुळे कोर्ट
मूळ रोग कुणीच बोलत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं की आमदारकी जाऊ शकते. म्हणजे एखाद्या विधेयकावर एकट्याने विवेकाने मत द्यायची सोय नाही. एक तृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बंद केली, पण दोन तृतीयांश घेऊन विलीन व्हायची वाट उघडीच आहे. एकटा मवाळ अपात्र, झुंडीने गेलेला पात्र. सभागृहात मधे उभं राहायला जागाच ठेवली नाही आणि आपण मतदाराच्या स्वभावावर चर्चा करतोय.

अमळनेर, निवृत्त शिक्षक
व्हिपचं नंतर बघू. भुसावळकर, साने गुरुजींना या वादात मध्यममार्गी म्हणून आणू नका. हे मी सहन करणार नाही. प्रताप हायस्कूलची नोकरी सोडून १९३० च्या सत्याग्रहात उतरलेला माणूस तो. मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना पूर्ण उघडावं म्हणून. मधला मार्ग कोणता होता तिथे? नामदेव पायरीपर्यंत येऊ द्यायचं? तोच तर आधीपासून चालू होता!

भुसावळ रनिंग रूम
सर, उपोषण म्हणजे स्वतःला त्रास करून घेणं. विरोधकाच्या घरावर दगड नाही. मी त्यांच्या वागण्याबद्दल बोलतोय.

अमळनेर, निवृत्त शिक्षक
वागणं मऊ होतं, मागणी पोलादी होती. तुम्ही वागण्याचं नाव घेऊन मागणी मऊ करायला सांगता. शाळेत गुरुजींची जयंती करताना हेच होतं. श्यामची आई सांगतात, पंढरपूर गाळतात. शिकवताना मी पंढरपूर घेतलं तर एका पालकाने तक्रार केली, ‘राजकारण कशाला?’

तापीकाठ
सर बरोबर बोलताहेत. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली, संघटना मवाळांच्या हाती राहिली. पुढच्याच वर्षी टिळक मंडालेला गेले. मवाळ एकटे मैदानात असताना काँग्रेसने किती जीव धरला? १९१६ ला लखनौत जहाल परत आले तेव्हा कुठे तिच्यात धुगधुगी आली.

भुसावळ रनिंग रूम
परत आले ना? कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं म्हणून आले. दार उघडं ठेवणारेही लागतात. तुम्ही सगळे मिळून मला भेकड ठरवताय. साडूकडे मी स्वतः गेलो होतो, त्याने ओट्यावरूनच परत पाठवलं. यात कोणता नेता आला, कोणता व्हिप आला?

पारोळा
भो, आमना गावमा असंच शे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी कोणत्या गल्लीने कोणाच्या दारात पाणी भरायचं हे ठरलेलं आहे. साडूचं दुःख खरं आहे, त्यावर हसू नका कुणी.

यावलची लेक
हसत नाही. पण काका, साडूकडे गेलात ते नातं जपायला. माझ्या आईच्या ओट्यावर आले ते जागा वाटून घ्यायला. दोन्हीला एकच नाव देऊ नका.

भुसावळ रनिंग रूम
तुमच्या आईच्या बाबतीत झालं ते चूकच होतं. तेवढं मान्य. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे वाक्य मुद्दा न सांगता वापरू नये, हेही धरून चला. पण वागण्यातला मवाळपणा मी सोडणार नाही. तुमची मागणी कितीही पोलादी असो.

तापीकाठ
एवढं ग्रुपवर लिहिलं असतं तर मला हा धागा काढावा लागला नसता. मात्र त्या चुलत भावांना समजवायला येताना आधी त्यांच्या नेत्यांना तारखेला कोर्टात उभं करा. ते येणार असतील तर मीही येतो.