एमडीविरोधी मोहीम: धाडींच्या पुढे काय?

अनघा: फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापासून थेट दिल्लीपर्यंत माग काढून १,७०० किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, पकडलं. कामगिरी मोठीच. पण माझ्या मामेभावाचं काय? तो एमडी घ्यायचा. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, दात करकरा खायचा, गालाच्या आतून रक्त यायचं. मामी उपचारांचं नाव काढायची, की मामा म्हणायचे, "दवाखान्यातून पोलिसांना कळलं तर?" एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. आम्हाला हे कळेपर्यंत दीड वर्ष गेलं. धाडीचे फोटो छापून येतात, तसं हे कलम दवाखान्याच्या भिंतीवर का लावत नाहीत?

रणजित: ताई, तुमच्या घरानं सोसलंय, मान्य. तरी मला हे पटत नाही. आधी माल थांबवा. एमडीत ५० ग्रॅमपासून व्यावसायिक प्रमाण धरतात. तिथं किमान १० वर्षं शिक्षा आणि जामीन महाकठीण. विकणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. पोरांच्या हाती थोड्या थोड्या पुड्या देतात, पकडला गेला तर "मी स्वतः घेतो" म्हणायचं. उपचारांची ढाल यांनाच मिळणार. माझी मुलगी अकरावीत आहे. मला गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा तो माणूस आत गेलेला हवाय.

अनघा: रणजितदादा, व्यसनी नसलेल्या विकणाऱ्याला ते कलम वाचवत नाही, आणि उपचार अर्धवट सोडले तर मिळालेलं संरक्षणही काढून घेता येतं. पण गिऱ्हाईक तसंच राहिलं, तर त्या माणसाच्या जागी आठवड्यात दुसरा उभा राहील.

केमिकलवाला: दोघंही गल्लीतच अडकलात. एमडी शेतात पिकत नाही, रसायनांपासून बनतं. मी २० वर्षं रसायनांच्या धंद्यात आहे. बंद पडलेलं युनिट कुणी भाड्यानं घेतलं, कच्चा माल कुठला येतोय, रात्रीच का चालू असतं, हे कारखान्यात येऊन कुणी विचारलं तरच समजेल.

समुपदेशक: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ आयांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं. नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. शपथा खूप झाल्या. पण महिनाभर दाखल राहून घरी गेलेल्या मुलाला पुढचं वर्षभर दर आठवड्याला भेटणारं माणूस लागतं. त्या माणसाच्या पगाराची तरतूद मला कुठं दिसत नाही.

रणजित: हेल्पलाइनचं मलाही माहीत नव्हतं. मुलीच्या कॉलेजात पालकसभा आहे, तिथं नंबर आणि ते कलम दोन्ही सांगतो. गल्लीतल्या माणसाची तक्रार मात्र मी उद्याच देणार.